ताईच्या सासरी वाजलेली गोधडी

तुमच्या घरातल्या किती पुरुषांना सुईत दोरा ओवता येतो? उत्तराची घाई करू नका. शर्टाचं बटण तुटलं की ते शर्ट कोणाच्या हातात देतात, तेवढं आठवा आणि मग सांगा.

मी गोंदियाजवळच्या मुर्री गावचा. आमच्या घरात तांदळाच्या कोठीला लागून पत्रकांचे गठ्ठे असत आणि कोठी रिकामी झाली तरी गठ्ठे कमी होत नसत. वडील मोर्चे काढायचे, पत्रकं लिहायचे, वाटायचे. मी वाचायला शिकलो तो त्याच पत्रकांवर, त्यामुळे कितीतरी दिवस मला वाटे की मराठीत प्रत्येक वाक्य 'झालंच पाहिजे' असंच संपतं. शाळेत 'माझी आई' या विषयावर निबंध लिहायला सांगितला, तेव्हा मी आईच्या मागण्या लिहून दिल्या होत्या.

गोंदिया जिल्हा वेगळा झाला त्या सुमाराला मी आठवीत होतो. घरकामात पुरुषांनी निम्मा वाटा उचलावा, असं सांगणारं एक पत्रक गठ्ठ्यात सापडलं. ते मी वडिलांना मोठ्याने वाचून दाखवलं. मुद्दा अगदी बरोबर आहे असं ते म्हणाले, आणि प्यायला पाणी मागितलं. आई ओसरीवर गोधडी शिवत बसली होती, ती पाणी आणायला उठली. ती परत येईपर्यंत तिची सुई माझ्या हातात होती.

पहिली गोधडी मी निव्वळ तत्त्वासाठी शिवली. तिला कोपरे चारच होते, पण चारही वेगवेगळ्या विचारांचे. ती शेवटी सायकलच्या कॅरिअरवर गेली. दुसरी वडिलांनी पांघरली आणि रात्रभर पाय बाहेर ठेवून माझ्या चळवळीला पाठिंबा दिला. तिसरीपासून मात्र तत्त्व मागे पडलं आणि चटक लागली. सुई कापडात बुडते, पुढे डोकं काढते, मागे टाक्यांची रांग उभी राहते. त्यात काय मजा आहे हे मला कोणत्याच पत्रकात वाचायला मिळालं नव्हतं.

मित्र मला 'मावशी' म्हणू लागले. मी उत्तर तयार ठेवलं होतं. आपल्या गोंदियातल्या राइस मिलमध्ये माणसं दिवसभर दाभणासारखा सुआ आणि सुतळी घेऊन पोती शिवतात, त्यांना कोणी मावशी म्हणतं का? पोतं शिवलं की मर्द आणि गोधडी शिवली की बाई, हा कुठला न्याय? हे मी पानठेल्यावर उभं राहून जोरात सुनावलं. पानवाल्याने शांतपणे चुना लावत म्हटलं, "तं पोतेच शिव ना बाप्पा, मजुरी तं भेटन."

एक गोधडी अजून अर्धवट आहे. तिचं नाव मी समतेची गोधडी ठेवलं. त्यात प्रत्येकाच्या कपड्याचा तुकडा एकाच मापाचा हवा, कोणाचा मोठा नाही, कोणाचा लहान नाही. वडिलांच्या सदऱ्यांतून असे तुकडे भरपूर निघतात, आईच्या पोलक्यातून एकही धड निघत नाही. त्यामुळे काम कित्येक वर्षं अडलं आहे. आई दर हिवाळ्यात विचारते, "समता येईन तवा येईन, तोवर मी का पांघरू?"

पण सांगायची आहे ती गोष्ट भाचीच्या गोधडीची.

ताई पहिल्या बाळंतपणाला मुर्रीला आली आणि मुलगी झाली. आमच्याकडे बाळंतीण सासरी परत जाते तेव्हा बाळाची गोधडी माहेरची असते, आणि ती नव्या कापडाची चालत नाही. वापरलेलं, अंगावर झिजलेलं कापडच लागतं. आईचे डोळे त्या वर्षी दुखत होते, म्हणून गोधडी मी शिवायला घेतली. ताईने मला बाजूला बोलावलं. तिचं सासर सडक अर्जुनीला, हायवेला लागून. लग्नात सोनं कमी आणि भाषणं जास्त झाली, हे तिथे अजून ऐकवलं जात होतं. त्यात माहेरची गोधडी भावाने शिवली हे कळलं, तर तिला वर्षभर मान वर करता आली नसती.

"आईनं शिवली म्हणून सांगजो," ती म्हणाली. "माह्यासाठी एवढं कर."

मी खोटं बोलणार नाही असं सांगितलं. ती रडायला लागली. शेवटी आमच्यात तडजोड झाली: कोणी विचारलं नाही तर मी सांगणार नाही.

वरचं आणि खालचं कापड आईच्या जुन्या लुगड्यांचं घेतलं. आत भरायला मात्र घरात काही उरलं नव्हतं; आईने जुने कपडे देऊन भांडेवालीकडून पातेली घेतली होती. तेव्हा माझी नजर माळ्यावर गेली. तिथे वडिलांचे मोर्चातले कापडी फलक घडी करून ठेवले होते. मी विचार केला, कापड सुती आहे, जुनं आहे, उन्हापावसात झिजलेलं आहे. आमच्या घरात त्याच्याइतकं वापरलेलं दुसरं काय होतं? मी ते कापून आत घातले आणि सगळीकडून बारीक टाके घातले. आईने हात फिरवून पाहिला, कडक लागते म्हणाली. धुतली की नरम होईल, असं मी छातीठोकपणे सांगितलं.

फलकांवरचा ऑइलपेंट कितीही धुतला तरी नरम होत नाही.

ताईला पोहोचवायला आम्ही सगळे सडक अर्जुनीला गेलो. जिजाजींचं घरापुढेच ताडपत्री शिवायचं दुकान. ट्रकवाले फाटक्या ताडपत्र्या टाकून समोरच्या ढाब्यावर जेवायला जात. आत शेजारच्या बायका जमल्या होत्या. ताईच्या सासूने गोधडी अंथरली आणि बाळाला तिच्यावर ठेवलं. बाळाने पाय झाडला. गोधडी पापडासारखी वाजली. बाळ दचकून रडलं, रडताना आणखी पाय झाडले, गोधडी आणखी वाजली. पोरीला रडू तिच्याच पायांचं येत होतं आणि थांबायला कोणी तयार नव्हतं.

सासूने बाळाला उचललं आणि आईकडे पाहिलं. "इहीणबाई, हे गोधडी हाय का सूप? तुमच्या हातचं लय नाव ऐकलो होतो आमी."

बायका हसल्या. आईने मान खाली घातली. तिच्या गोधड्या मुर्रीत लोक मागून नेत, आणि ती माझ्या टाक्यांची लाज मुकाट्याने स्वतःच्या पदरात घेऊन बसली होती. ताई माझ्याकडे बघत होती. डोळ्यांनीच 'गप्प राहा' म्हणत होती. मला कोणी विचारलं नव्हतं. तडजोड माझ्या बाजूने होती. पण आईची खाली गेलेली मान मला बघवेना.

"मावशी, गोधडी मी शिवली," मी ताईच्या सासूला म्हणालो.

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. मग कोपऱ्यातून एक बाई फिसकन हसली. ताईने डोळे मिटून घेतले. सासूने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, गोधडी उलटी केली, टाके पाहिले, आणि कात्री मागवली.

तिने एक कड उसवली आणि आतलं कापड बाहेर ओढलं. लाल अक्षरं निघाली. ती थांबून थांबून वाचू लागली, "चिचगड... गावाला... बस... सुरू... झालीच... पाहिजे." तिने मान वर केली. "मंग झाली का?"

"झाली," वडील अभिमानाने म्हणाले. "पन एखाद्या दिवशी येत नाही."

आता हसू कोणालाच आवरेना. सासूही हसली, पण तेवढ्यावर सोडलं नाही. तिने स्वतःचं एक जुनं, मऊ झालेलं लुगडं पेटीतून काढलं, फलकांच्या जागी भरायला माझ्यासमोर टाकलं आणि बाहेर हाक मारली. जिजाजी ताडपत्री सोडून आत आले. गोधडीच्या एका बाजूला बस, असं तिने त्यांना सांगितलं. त्यांनी दाराकडे पाहिलं, दोन ट्रकवाले तिथे येऊन उभे होते.

"मी काऊन? बायकायचं काम आहे ते," ते पुटपुटले.

"दिवसभर ताडपत्री शिवून राहतेस, तवा लाज नाही वाटत?" सासू म्हणाली. "ट्रकचं आंग झाकतेस, आपल्या पोरीचं झाकाले का झालं? तिचा मामा शिवते, तं बापानं हातावर हात ठेवून बसावं का?"

पानठेल्यावर मी जे भाषण केलं होतं तेच हे, पण माझ्या भाषणाने कोणी बसलं नव्हतं. जिजाजी बसले. सुई हातात घेतली आणि म्हणाले, लय बारीक आहे. दोरा ओवायला त्यांना एवढा वेळ लागला की ट्रकवाल्यांनी पैज लावली. मी मदतीला हात पुढे केला, तर सासूने तो झटकला. शेवटी ओवला. माझ्या बाजूला बारीक टाके पडले, त्यांच्या बाजूला ताडपत्रीचे, बोटभर लांब आणि शिस्तीत सरळ. बाळ त्यावर निजलं आणि वाजलं काहीच नाही.

निघताना ताई दारापर्यंत आली. मला वाटलं, ती रागावणार. ती पदर तोंडाला लावून हसत होती. सासू तिच्या मागून शेजारणीला सांगत होती, आमच्या घरचे माणसं गोधडी शिवतात, तुमच्या घरचे काय करतात?

ती गोधडी अजून आहे. भाची आता तिच्यावर बसून गृहपाठ करते. दोन्ही बाजूंचे टाके दुरूनही वेगळे दिसतात, तरी गोधडी एकच आहे, त्यामुळे समतेच्या गोधडीतला मापाचा हट्ट मी सध्या थोडा सैल केला आहे. आईच्या पोलक्याचा तुकडा लहान तर लहान.

आता तुमचं काम. भांडेवाली आली की मऊ झालेलं एक जुनं लुगडं तिला देऊ नका, मागे ठेवा. घरातल्या एका पुरुषाला ते कापड आणि सुई द्या. आणि दोरा त्याला ओवून देऊ नका. कितीही वेळ लागला तरी समोर बसून राहा, पण त्याचा त्यालाच ओवू द्या.