कमलकाकू आणि माझा कोंबडा

माझा कोंबडा ज्यांनी माझ्यापासून तोडला, त्या कमलकाकू काल पहाटे गेल्या.

झोपेतच गेल्या. त्रास झाला नाही, असं सगळे म्हणतात.

त्यांचं घर आमच्या घराला लागून. मध्ये कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांचं कुंपण. एकट्याच राहायच्या. मुलगी, आशाताई, हिंगणघाटला दिलेली.

काल सगळं आटोपल्यावर लोक त्यांच्या अंगणात बसले होते. कोंबडा लोकांमधून फिरत होता. कोणीतरी म्हणालं, "हाच तो. कमलबाईनं मानमोडीच्या रोगातून वाचवलेला."

सगळ्यांनी माना हलवल्या. आशाताईंना पुन्हा रडू आलं.

अशा वेळी बोलणं बरं दिसत नाही.

म्हणून इथे लिहितो.

त्याला मानमोडी झालीच नव्हती.

आणि काकूंनी त्याला वाचवलं नाही.

मागच्या हिवाळ्यात आमचा कापूस घरातच होता. समोरची खोली आढ्यापर्यंत भरलेली. एका सकाळी हवालदार आरवला नाही. हवालदार हे नाव मीच ठेवलेलं. पिसं फुगवून कोपऱ्यात बसला होता. तुरा काळपट पडलेला.

बाबांनी लांबूनच पाहिलं.

"मानमोडी हाय. आजच कापून टाक. उद्या मातीतच घालावं लागन."

आमच्याकडे असंच असतं. कोंबडं मलूल दिसलं की आजार कोणता, हे कोणी विचारत नाही. मसाला वाटायला घेतात.

"बाबा, मान कुठी वाकडी हाय त्याची?"

"मंग वाकडी व्हाची वाट पाहतं का?"

संध्याकाळपर्यंत थांबा म्हणालो.

मान सरळ होती. पाय, पंख लुळे नव्हते. विष्ठा हिरवी नव्हती. बाकीच्या कोंबड्या मजेत उकिरडा उकरत होत्या. लसीचे थेंब तर मी स्वतः पाजलेले.

मग गळ्याखाली दाणा साठतो त्या पिशवीवर बोट ठेवलं. सकाळी ती रिकामी पाहिजे. त्याची संत्र्यासारखी फुगलेली आणि टणक. चोच उघडली तर आंबूस वास. आणि जिभेमागे एक पांढरा धागा.

कापूस.

सरकी टिपायला खोलीत शिरला, आणि सरकीसोबत कापूस गिळत गेला.

जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, दाणा बंद कर. कोमट पाणी, किंचित तेल, पिशवी हलक्या हाताने चोळ. नाहीच सुटलं तर घेऊन ये, चीर द्यावी लागेल.

हे सगळं मी केलं. ड्रॉपरने, थेंब थेंब. पाणी श्वासनळीत जाऊ नये म्हणून त्याची मान माझ्या हातात. त्याचा श्वास अडकला की माझाही अडकायचा.

पण कापसापासून लांब ठेवायला आमच्या घरात जागाच नव्हती. म्हणून काकूंच्या छपरीत ठेवला.

मीच नेऊन ठेवला.

"अरे प्रदीप, काऊन छळून राह्यला त्याले? दाबू दाबू अर्धा केला लेकराले!"

"काकू, इलाज आहे तो."

"कर ना बापा इलाज. पण तोंड तं जरा हासरं ठेव. तुले पाहूनच त्याले ताप येत असन."

ज्या दिवशी गोळा सुटला, त्या दिवशी ओला कापूस वातीसारखा चोचीतून बाहेर आला. मी तो हळूहळू ओढून काढला. काकू बाजूला बसून "बाब्या, बाब्या" करत होत्या.

बस. एवढाच त्यांचा हात.

मग पथ्य सुरू झालं. तेलाचा ड्रॉपर माझ्या हातात, दहीभाताची ताटली काकूंच्या हातात.

आता तुम्हीच सांगा, कोंबडा कोणाचा होईल?

कापूस विकला गेला. खोली झाडून झाली. कोंबडा आला नाही.

एकदा आणायला गेलो. "काकू, हवालदारले घेऊन जातो."

"ने ना. मी का बांधून ठेवला?"

काखेत घालून घरी आणला. फाटकाची कडी लावेपर्यंत तो कुंपणावरून परत पलीकडे.

काकू हसल्या. "पाय त्याचे हाय रे बापा. मी का बलवाले आलती?"

मी जेवलो नाही त्या दिवशी. आई म्हणाली, "कमल का तुही सवत हाय?"

रोज संध्याकाळी त्यांच्या हाकेला तो पळत जायचा, ते मी आमच्या छपरीतून बघायचो. मला वाईट वाटायचं. आजही वाटतं. तुम्ही हसाल, हसा.

आज दुपारी निघताना आशाताई म्हणाल्या, "भाऊ, आईची आठवण म्हणून याले घेऊन जाऊ का?"

मी म्हणालो, "ताई, बसनं नोका नेऊ. झेपणार नाई त्याले."

त्याला चांगलं झेपलं असतं.

त्यांनी एकदा त्याच्या पाठीवरून हात फिरवला, दाराला कुलूप लावलं आणि गेल्या.

तर आता कोंबडा माझा आहे. कोणी वाटेकरी नाही.

दाणा टाकला, त्याने पाहिलं नाही. आईला दहीभात कालवायला लावला, चोच लावली नाही. सोडला तर सरळ जाऊन त्या कुलपाखाली बसला.

उचलून सगळं तपासलं. पिशवी मऊ. तोंडाला वास नाही. डोळे स्वच्छ. अंग गरम नाही.

आजार काहीच नाही. मला यातलं कळतं, म्हणून सांगतो.

मी टायफॉइडने दवाखान्यात पडलो होतो, तेव्हा याने एक दाणा सोडला नव्हता. काकूंनीच हसत हसत सांगितलं होतं.

काकू, गेल्यावरही तुमचंच पारडं जड.

माझा जय भीम घ्या.