माइक चालू होता

"आवाज येऊन राहिला का मागं?" माइकवर नखानं दोनदा टकटक करून आमच्या गावचे माइकवाले विचारायचे. पांढुर्ण्यात ज्यांनी एक तरी सभा किंवा लग्न पाहिलं आहे, त्यांना ही टकटक ठाऊक असेल. मागून कुणी उत्तर दिलं नाही तर स्वतः शेवटच्या रांगेत जाऊन बसायचे, ऐकायचे, मगच कार्यक्रम सुरू होऊ द्यायचे.

आमच्या शाळेतला कारगिल विजय दिवसाचा कार्यक्रम मी बघते. माइक त्यांचाच असायचा. त्या दिवशी पहिल्या रांगेत तालुक्यातल्या शहिदांच्या घरची माणसं बसतात. त्यांत या माइकवाल्यांची बायकोही असायची. तिचा पहिला नवरा फौजेत होता, सीमेवर गेला. त्याचं पार्थिव गावात आलं तेव्हाही माइक यांनीच लावला होता. चार वर्षांनी यांनी तिच्याशी लग्न केलं. त्या लग्नात मी जेवले आहे.

टेबलावर फोटो मांडायचं काम ते न सांगता करायचे. तिच्या पहिल्या नवऱ्याचा फोटो रुमालानं पुसत एकदा म्हणाले, "म्याडम, हा गडी माझ्याहून उंच होता. हार मोठा लागते याले." आणि हसले.

मी नियमानं चालणारी बाई. तीन वर्षांपूर्वी, सत्कार सुरू व्हायच्या आधी, मंचावर शेजारी बसलेल्या मुख्याध्यापकांना मी हळूच विचारलं, "सर, हिचं तर दुसरं लग्न झालं. पुढच्या वर्षी यादीतून नाव काढायचं का?"

समोरचे सगळे एकदम माझ्याकडे बघू लागले. मला कळेना. तिनं मान खाली घातली, तेव्हा टेबलावर आडवा पडलेला माइक मला दिसला. त्याचं बटण चालूच होतं.

ते मशीनजवळून उठून मंचावर आले. माइक उचलून बटण बंद केलं. आता ओरडतील, असं वाटलं. पण मला ऐकू येईल एवढ्याच आवाजात म्हणाले, "म्याडम, तो गेला म्हणून मी तिच्या घरी आहो. मी आहो म्हणून तो गेलाच नाही, असं होते का?"

त्यांनी बटण पुन्हा चालू केलं, माइक माझ्यासमोर सरळ उभा केला आणि खाली जाऊन बसले. दोन मिनिटांचं मौन झालं. नाव पुकारल्यावर ती उठली, फोटोपुढं फूल ठेवलं आणि शाल न घेता फाटकाबाहेर गेली. कार्यक्रम संपल्यावर यांनी नेहमीसारख्या नीट वायरी गुंडाळल्या, "येतो म्याडम" म्हणाले. ते ऐकून मी जास्तच हादरले.

दुसऱ्या दिवशी माफी मागायला घरी गेले. दोघांनी बसवलं, चहा दिला, पोरांची चौकशी केली. त्या गोष्टीवर मला बोलूच दिलं नाही. दिवाळीनंतर त्यांनी माइकचं दुकान आणि घरही शेजारच्या सौंसरला हलवलं.

यादीतलं तिचं नाव मी काढलेलं नाही. दरवर्षी निमंत्रण सौंसरला पाठवते आणि नाव स्वतः पुकारते. पहिल्या रांगेतून कुणी उठत नाही. थोडं थांबून मी पुढचं नाव घेते.