चिलटांचा गूळ

हे मी नवऱ्याला सांगितलं नाही, आणि तो गेला. लेकीलाही नाही. तुम्हाला सांगते आहे — तुम्ही मला ओळखत नाही म्हणून सोपं जात असेल.

गिरणी संपाच्या वर्षी मी परळच्या एका प्रयोगशाळेत कामाला लागले. नवरा गिरणीच्या साचेखात्यात, मागावर होता, साचे बंद पडलेले. माझं काम चिलटांचा स्वयंपाक करायचं. हसू नका. पिकल्या केळ्यांवर घोंगावतात ती चिलटं तिथे बाटल्यांत पाळलेली होती. मक्याचं पीठ, गूळ, यीस्ट आणि चायना ग्रास शिजवून लापशी करायची, बाटल्यांत ओतायची, वर कापसाचा बोळा.

चिलटं नलिनीबाईंची. गिरगावातल्या, माझ्याच वयाच्या, पीएचडी करत होत्या. काही माद्यांना त्या भरपूर गुळाची लापशी द्यायच्या, काहींना निम्म्या गुळाची. पुढे दोन्हीकडच्या लेकींना अगदी सारखं खायला. मग बघायचं — कुणाच्या लेकी जास्त जगतात, कुणाच्या जास्त अंडी घालतात. आईची उपासमार लेकीच्या अंगात उतरते का?

मी म्हटलं, जात तीच, रक्त तेच, मग फरक कसा पडेल?

"तुमच्या यजमानांच्या साच्यावर सूत तेच असतं ना? पण कुठला धागा वर उचलला, त्यावर नक्षी बदलते. तसंच काहीतरी असावं," त्या म्हणाल्या. मग हसल्या. "असावं हं, पार्वतीबाई. अजून दिसायचंय."

मला ते पटलं होतं. म्हणजे काय चाललंय हे मला कळत नव्हतं, असं म्हणायची सोय नाही.

श्रावण संपत आला. लालबागच्या चाळीत आमच्या मजल्यावर गणपतीला मोदकांचं ताट घरोघर फिरायचं, आणि माझ्या मोदकांचं नाव होतं. शेजारची शेवंती गॅलरीतून ओरडली, "काय गो, औंदा गणपतीक खडीसाखरच दाखवतलंस काय?" सगळ्या हसल्या. मीही हसले.

पोरं उपाशी होती, असं लिहिता आलं असतं. तुम्हाला वाचायला बरंही वाटलं असतं. पण गावाहून तांदूळ येत होता, नारळ येत होते, पोरं जेवत होती. गूळ तेवढा नव्हता. आणि तो हवा होता ताट फिरवायला.

भरपूर गुळाच्या लापशीतला निम्मा गूळ मी घरी नेऊ लागले. लापशी फिकी दिसायला लागली, तशी त्यात कोरा चहा ओतला — रंग जमला. चुकून हात गेला का माझा चहाच्या भांड्याकडे? नाही. विचार करून केलं.

मोदक झाले. "संप तुझ्या घरात इलोच नाय वाटता!" शेवंती म्हणाली. मला किती बरं वाटलं!

इकडे दोन्हीकडच्या आया सारख्याच अर्धपोटी राहिल्या. मग लेकींत फरक कुठून येणार? सारख्याच जगल्या, सारखीच अंडी घातली. नलिनीबाई बाटल्या पुन्हा पुन्हा उजेडात धरून बघायच्या. एक दिवस माझ्याजवळ आल्या. अगदी हळू विचारलं, "खाण्यात काही कमीजास्त झालं होतं का हो?"

तेव्हाच सांगायचं होतं. मी काय केलं? आवाज चढवला. "संपवाल्याची बायको म्हणून चोर ठरवता काय? गरीब दिसला की तो चोरच?" सगळी खोली वळून बघायला लागली. बाई लाल झाल्या. माझा हात धरून माफी मागितली — आणि मी ती घेतली.

गूळ एक वेळ सोडा. ही माफी मी घेतली, ते सांगायला बसले आहे.

त्यांना वाटलं, आपलाच विचार खोटा. प्रयोग बंद केला, पीएचडी सोडली, पुढे शाळेत शिकवू लागल्या. त्यांच्या बाटल्या मीच धुतल्या.

पुष्कळ वर्षांनी हिंदमाताला साडीच्या दुकानात त्या भेटल्या. बरोबर भाची होती. तिला म्हणाल्या, "या पार्वतीबाई. माझ्या चिलटांना जेवू घालायच्या. मी यांच्यावर उगाच संशय घेतला होता एकदा." अजून मनाला लागलेलं होतं त्यांच्या. मी काय म्हटलं? "जाऊ द्या हो बाई, मी कधीच विसरले." वरून मोठेपणा घेतला.

आता नात कॉलेजात शिकते. परवा तिला सहज विचारलं. म्हणाली, "आजी, किड्यांत हे सापडलंय. आईने काय खाल्लं, त्याने पुढच्या पिढीचं आयुष्य बदलू शकतं, अंडीसुद्धा. तुला कुणी सांगितलं?" मी म्हटलं, रेडिओवर ऐकलं.

नलिनीबाई गिरगावातच आहेत, एकट्या. लालबागहून बस थेट जाते. माझे पाय अजून चालतात. मी गेलेली नाही.