कर्ण्यातून घेतलेलं नाव
तापलेल्या व्हॉल्व्हवर धूळ करपल्याचा वास आला की मला माधवनगरचं आमचं अंगण आठवतं. हे पलटणीत बिनतारीचं काम शिकून महायुद्ध संपल्यावर परतले, आमचं लग्न झालं आणि ह्यांनी लग्नकार्यात कर्णा लावायचा धंदा काढला. आवाज वाढवायच्या पेटीत दिव्यासारखे काचेचे दोन मोठे व्हॉल्व्ह असत. त्यांनी वीज जास्त खेचली की आतला पत्रा लाल होई, कमी खेचली की आवाज फाटे. स्क्रू फिरवून मधली जागा शोधायची, त्याला हे बायस लावणं म्हणत. त्या दुपारी मला माइकसमोर बसवून, "बोल कायबी," म्हणत हे पेटीवर वाकले. शेजारणी जमल्याच होत्या. "आगं, नाव घे की!" लग्नात कुजबुजत घेतलेलं ह्यांचं नाव मी कर्ण्यातून घेतलं, ते पार गिरणीपर्यंत गेलं. बायका खिदळल्या, रस्त्यावरचा सायकलवाला थांबला, हे मात्र पाठमोरे पत्र्याची लाली बघत राहिले. मग वळून माझ्या तोंडाकडे बघत विचारलं, "बोललीस का? फाटतोय का आवाज?" मी बोलताना तोंडाकडे टक लावून बघायची ह्यांची सवय तोवर मला नव्या नवरीचं कौतुक वाटत होती. तोफांनी कान नेलेल्या माणसाला कर्ण्याचं काम कोण देणार? बायकांना कळू नये म्हणून मी आवाज न काढता नुसते ओठ हलवले, "जरा फाटतोय." ह्यांनी हसून स्क्रू फिरवला. आता नातू गिटारचा आवाज वाढवायच्या पेटीचे व्हॉल्व्ह लावताना विचारतो, "आजी, आवाज कसा येतोय?" मी त्याला सांगते, पण आधी भिंतीवरच्या ह्यांच्या फोटोकडे बघून नुसते ओठ हलवते.