मासोळीच्या पाण्याचं विरजण

घरात फिश टँक ठेवायचा असेल तर पहिला नियम असा, की घरात नुकताच रिटायर झालेला मेंटेनन्सवाला माणूस असू नये. असलाच, तर त्याला आधी दुसरं काहीतरी बिघडलेलं आणून द्यावं. मिक्सर, पंखा, काहीही. आज मी हे हसत सांगते आहे, पण त्या दिवसांत माझं डोकं सतत तापलेलं होतं.

माझा नवरा बरखेड्याच्या कारखान्यात मोठमोठी मशिनं उघडायचा, धुऊनपुसून पुन्हा बसवायचा. वर्षातून एकदा शटडाउन असायचं. तेव्हा एकेक नट सुटा व्हायचा आणि सगळं नव्यासारखं चकचकीत होईपर्यंत ह्यांना घर आठवायचं नाही. रोज संध्याकाळी चहा घेताना आज काय काय केलं ते मला सांगायचे. मी भाजी निवडत हुं हुं करायची. मग रिटायर झाले, क्वार्टर सोडलं, आम्ही बाग सेवनियाला स्वतःच्या घरात आलो, आणि तो संध्याकाळचा चहा एकदम मुका झाला. सांगण्यासारखं काही उरलंच नव्हतं. घरातले सगळे नळ इतके आवळून झाले की एकाचे आटे गेले. दाराच्या बिजागऱ्यांना तेल पाजून झालं. मी म्हणायचे, "अहो, जरा स्वस्थ बसा की." ते बसायचे, आणि बसल्या बसल्या पाय हलवत राहायचे.

टँक माझा होता. मुलगा शाळेत असताना त्याने हट्टाने एक गोल्डफिश आणला, गोल काचेच्या भांड्यात. असं भांडं शोभेला ठीक, पण गोल्डफिशला त्यात ठेवणं म्हणजे माणसाला बाथरूममध्ये संसार करायला सांगणं. हे मला दोन मासे गमावून कळलं. तिसरी मासोळी आणली तेव्हा लांबरुंद टँक घेतला, फिल्टर लावला, आणि ती जगली. मुलगा पुण्याला नोकरीला गेला, ही राहिली. नारिंगी अंग, शेपटीला पांढरी किनार, आणि चालीत सासूचा तोरा. आम्ही तिला म्हातारीच म्हणायचो.

तर ती जगली कशी, ते सांगते. मासा पाण्यातच खातो आणि पाण्यातच घाण करतो. ती घाण पचवणारे जीवाणू तळाच्या खड्यांवर आणि फिल्टरच्या स्पंजमध्ये वस्ती करतात. दह्याच्या विरजणासारखंच आहे ते. स्पंज दिसतो तपकिरी, बुळबुळीत, बघवत नाही. पण टँकचा सगळा जीव त्यात असतो. तो नळाखाली धुवायचा नाही, कारण नळाच्या पाण्यातलं क्लोरीन त्या वस्तीचा निकाल लावतं. आठवड्याला टँकमधलं पाव पाणी बादलीत काढायचं, त्याच पाण्यात स्पंज हलका पिळायचा, आणि वर घालायचं पाणी आदल्या दिवशी भरून उघडं ठेवायचं. बस्स. ह्याहून जास्त स्वच्छता माशाला सोसत नाही. हे मी ह्यांना किती वेळा सांगितलं असेल! पण मी सांगायचे तेव्हा तेही हुं हुंच करत असणार.

संक्रांतीनंतर आमच्या मराठी मंडळाचं हळदीकुंकू होतं. तयारीसाठी मी सकाळीच गेले, आणि वाणाची प्लॅस्टिकची चाळणी घेऊन परतले तर हे दारातच उभे. कित्येक महिन्यांत तसा चेहरा पाहिला नव्हता.

"ये, ये. आधी टँक बघ."

टँक लखलखत होता. काच अशी, की काच आहे हे कळू नये. खडे गीझरच्या कढत पाण्यात धुऊन, गच्चीवर उन्हात वाळवून पुन्हा अंथरलेले. पाणी थेट नळाचं. फिल्टरमध्ये पांढराशुभ्र नवा स्पंज.

"जुना कुठाय?"

"तो? सडला होता पार. सकाळीच कचरागाडीत दिला." आणि मग मोठ्या उत्साहाने, "पूर्ण ओव्हरहॉल केलं. साबण लावला नाही हं, तेवढं कळतं मला."

मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. हळदीकुंकवाची साडी नेसून, गजरा माळून मी जमदग्नी झाले होते. ह्यांचा चेहरा उतरत गेला, आणि ते एवढंच म्हणाले, "मला वाटलं तुला आवडेल." मी क्लोरीन मारायचे थेंब पाण्यात टाकले आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी आपटली.

असल्या वेळी पहिला दिवस फसवा असतो. पाणी स्वच्छ दिसतं, मासा हिंडतो. पण घाण पचवायला कोणी नसल्यामुळे ती विरघळून विष साठत जातं, आणि ते डोळ्यांना दिसत नाही. उपाय दोनच. खाणं जवळजवळ बंद करायचं, आणि रोज थोडं पाणी बदलत राहायचं, नवी वस्ती होईपर्यंत. त्याला आठवडे लागतात. म्हातारीकडे तेवढे दिवस होते की नाही, कुणास ठाऊक.

घरात कोणाचाच पाय ठरेना. मी कणीक भिजवता भिजवता पिठाच्या हाताने टँकशी जायची. कपडे वाळत घालायला निघालेली अर्ध्या वाटेतून मागे फिरायची. ह्यांना मी बादल्यांचं काम दिलं, म्हणजे टँकला हात लावायचा नाही, फक्त पाणी भरून शिळं करून ठेवायचं. त्यांनी बादल्यांची अशी रांग लावली की बाथरूममध्ये जायला वाट राहिली नाही. एकमेकांशी बोलणं फक्त पाण्यापुरतं. म्हातारी मात्र दिवसागणिक मंदावली. पंख अंगाला चिकटवून कोपऱ्यात बसायची, मध्येच वर येऊन तोंड उघडमीट करायची. कल्ल्यांच्या कडा लाल झाल्या. मला रडू यायचं आणि त्याचाही राग यायचा. ह्या वयात माशासाठी रडायचं म्हणजे काय!

एका संध्याकाळी हे बादली खाली ठेवता ठेवता थांबले. "बरखेड्यात आपल्या शेजारणीला तू तुझ्या स्पंजाचा तुकडा दिला होतास ना? तिने टँक सुरू केला तेव्हा? विरजण म्हणाली होतीस."

रागात माणसाची अक्कल चरायला जाते म्हणतात, ते खोटं नाही. आणि हे त्या वेळी ऐकत होते तर!

मी साडीही बदलली नाही. स्टीलचा डबा घेतला, स्कूटरवर मागे बसले, आणि होशंगाबाद रोडची गर्दी ओलांडेपर्यंत ह्यांच्या पाठीत बोट खुपसत राहिले, "चला ना लवकर."

शेजारीण मूळची नागपूरची, अजून बरखेड्याच्या क्वार्टरमध्येच राहणारी. गेल्या गेल्या म्हणाली, "काहून वो ताई, इतक्या घाईत? बसा न, चाय ठेवते."

मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. तिचा टँक समोरच होता, मासे मस्त खेळत होते. तिला वाईट वाटलं, अगदी मनापासून. पण मग तिने देवघराकडे पाहिलं. तिथे समई लागलेली होती.

"दिवा लागला न पण. दिवेलागणीनंतर आम्ही विरजण देत नाही वो. लक्ष्मी जाते घरातली."

"अगं, हे काय दही आहे का?"

"तुमीच तं म्हटलं होतं, विरजण आहे म्हणून. सकाळी या न, सकाळी पूर्ण घेऊन जा."

सकाळ! माझ्या तोंडाशी काय काय आलं. पण खरं सांगायचं तर दिवे लागल्यावर मीसुद्धा कोणाला दही देत नाही. माझ्या आईनेही कधी दिलं नाही. मला भांडताही येईना. मी नुसती त्या डब्याचं झाकण उघडझाक करत उभी राहिले. ह्यांचा पाय दाराशी हलत होता.

तिने माझ्याकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "असं करा. ते तुमचंच आहे, माझ्याकडे ठेवलेलं होतं. तुमचं तुमी घेऊन जा. मी काही देत नाही, मी चाय पाहते." आणि पाठ फिरवून आत गेली.

मी तिच्या फिल्टरमधून अर्धा स्पंज कापला, तिच्याच टँकच्या पाण्यात बुडवून डब्यात घेतला. तो ओलाच राहायला हवा, वाळला की संपलं. चहा न घेताच निघालो. येताना मी डबा मांडीवर धरला होता आणि हे प्रत्येक खड्ड्याला स्कूटर हळू करत होते, मी न सांगता.

तो कळकट तुकडा नव्या पांढऱ्या स्पंजाशेजारी बसवला आणि वाट पाहणं सुरू झालं. माझ्याच्याने ते होईना. मी कपाटं आवरली, डबे घासले, पडदे धुतले. येता-जाता टँकवर नजर टाकायची आणि पुढे जायची. एका जागी टिकून बसले ते हे. स्टूल घेऊन टँकसमोर, हात मांड्यांखाली दाबून, म्हणजे कुठे लागायला नकोत. मला वाटलं शिक्षा भोगतायत. हळूहळू तिचे पंख सुटले, कल्ल्यांची लाली उतरली. एका दुपारी चिमटीभर खाणं टाकलं तर ती वर आली आणि तिने ते खाल्लं. मी पदराने डोळे पुसले आणि लगेच ओटा पुसायला गेले.

त्या संध्याकाळी चहा घेताना हे म्हणाले, "आज मी काहीच केलं नाही."

हे वाक्य त्यांच्या तोंडून मी जन्मात ऐकलं नव्हतं. ह्या वेळी मी भाजी बाजूला ठेवली. "मग?"

"बघत बसलो. तुला माहीत आहे का, तू खोलीतून गेलीस की म्हातारी काय करते?"

"काय करते?"

"स्वयंपाकघराच्या बाजूच्या काचेला जाऊन थांबते. तू परत येईपर्यंत. तू आलीस की मग फिरायला लागते. रोज बघतोय मी."

इतकी वर्षं तिला खाऊ घातलं, पाणी बदललं, आजारपणं काढली. हे मला माहीत नव्हतं, आणि कळणार तरी कसं? मी तिथे कधी नसायचेच.

मी कपबशा उचलून आत गेले, पण नळ सोडला नाही. ओट्याला धरून उभी राहिले आणि तिथूनच विचारलं, "आली का हो?"

"आली," हे म्हणाले.