फेरमतदान

घरात तिला भिंगरी म्हणत. घास तोंडात, ताट हातात आणि पाय खिडकीशी, असं तिचं जेवण. समुद्राच्या पातळीच्या नोंदी सगळ्या देशांनी एकाच पद्धतीने ठेवाव्यात म्हणून नेमलेल्या समितीची ती अध्यक्ष झाली, तेव्हा मोठी बहीण म्हणाली, "हिला खुर्ची दिली? बसणार कोण तिच्यावर?"

पण बैठका ती झपाझप उरकायची. पडद्यावर देशोदेशीची माणसं आणि हिची एकच घाई, "पुढचा मुद्दा!"

त्या दिवशी नवा नियम मताला आला : दर दहा मिनिटांनी नोंद न देणाऱ्या केंद्राची माहिती जागतिक संग्रहात घ्यायची नाही. भराभर हात वर झाले, नियम मंजूर. ती उठलीसुद्धा, तोच एका लहान बंदरावरच्या शास्त्रज्ञाचा निरोप आला. त्याला ऐकू येत नसे. बोलणं पडद्यावर अक्षरांत उमटेल तसं तो वाचायचा. "अक्षरं पोचली तेव्हा मतदान संपलं होतं. माझा विरोध होता."

घरी येऊन तिने तो निरोप बहिणीला दाखवला.

"नियमाप्रमाणे झालं ना सगळं?" बहिणीने विचारलं.

"झालं गं. तेच तर खुपतंय."

बरेच दिवस घरभर येरझाऱ्या घालून शेवटी तिने फेरमतदान पुकारलं. नियमाचा मसुदा लिहिणारे ज्येष्ठ सदस्य फोनवर कडाडले, "एवढ्या वर्षांच्या मेहनतीवर पाणी सोडताय तुम्ही!"

"सोडत नाही, सर. थांबतेय."

थांबणं म्हणजे तिला शिक्षाच. पुढच्या बैठकीत प्रत्येक वाक्यानंतर अक्षरं उमटेपर्यंत ती गप्प राहायची. टेबलाखाली पाय नाचत होते, पेनाचं टोपण चावून चपटं झालं. बंदरावरच्या शास्त्रज्ञाने लिहिलं, "आमच्याकडे यंत्र नाही. माणूस दिवसातून दोनदा पाण्यातल्या पट्टीवरचा आकडा वाचतो, माझ्या आजोबांच्या काळापासून. तुमच्या नियमाने आमचा समुद्र जगाच्या हिशेबातूनच जाईल."

मग आणखी दोघी म्हणाल्या, "आमचंही तेच. मागच्या वेळी तोंड उघडेपर्यंत मुद्दा संपला होता."

नियम पडला. हाताने घेतलेल्या नोंदी वेगळी खूण करून घ्यायच्या ठरल्या. पण खूण कोणती, तपासायची कोणी, यावर पुन्हा जुंपली आणि मसुदा लिहिणाऱ्या त्या ज्येष्ठ सदस्यांनी राजीनामा दिला.

तिला चैन पडेना. तिने फोन लावला, त्यांनी कापला. पुन्हा लावला.

"आता काय?"

"खुणेच्या नियमाचा मसुदा तुमच्याइतका चोख कोण लिहिणार, सर?"

या वेळी त्यांनी फोन कापला नाही.

"पाठवा, बघतो. पण मी हो म्हटलेलं नाही."