ह्यांची बिनवजनाची सॅक

आमचे हे बँकेत होते. ऑफिसरची परीक्षा पहिल्या फटक्यात पास झाल्यामुळे जगातल्या कुठल्याही गोष्टीतलं आपल्याला कळतं, अशी त्यांची ठाम समजूत होती. सुरतेला बदली झाल्यावर त्यांना चालण्याची हौस फुटली. भाजी आणायला चालण्याची नव्हे. भाजी मीच आणत होते, शाळेत शिकवून परत येताना. ह्यांना डोंगरात चालायचं होतं, मुक्काम करत करत, पाठीवर बिऱ्हाड घेऊन.

सत्तरच्या दशकाची सुरुवातीची वर्षं होती ती. सुरतेतल्या मराठी मंडळात ह्यांना दोन जोडीदार मिळाले. एक बँकेतलेच, दुसरे पाटबंधारे खात्यातले. मी दोघांनाही भावजी म्हणत असे. तिघेही संध्याकाळी आमच्या ओसरीवर बसून बेत रचायचे आणि माझा चहा प्यायचे. शेजारच्या गुजराती बेन आम्हाला नेहमी चिडवायच्या, "तमे मराठा तो सुरत लूंटीने गयेला, पाछा केम आव्या?" परत का आलात, या प्रश्नावर बाकीची मराठी मंडळी हसून सोडून द्यायची. ह्या तिघांना मात्र त्यातून स्फुरण चढलं. लूट घेऊन मराठ्यांच्या फौजा ज्या बाजूने परतल्या, त्या बाजूने आपणही जायचं. सोनगडपासून डांगच्या जंगलातून आहवा, तिथून घाट चढून बागलाणात, आणि शेवटी साल्हेरचा किल्ला. त्या फौजांनी सुरतेतून बैलांवर, घोड्यांवर लादता येईल तेवढं नेलं होतं. ह्यांना आपल्या पाठीवर रुमालही जड होत होता, पण इतिहासाशी नातं जोडायची घाई फार.

साल्हेरचं नाव ऐकलं आणि मी भांडी घासता घासता थांबले. माझं माहेर बागलाणातलं. आमच्या अंगणातून साल्हेर दिसायचा, रोज, सकाळी निळा आणि संध्याकाळी काळा. लहानपणी मी आईकडे हट्ट धरायचे, मला वर ने. आई म्हणायची, "तठे काय शे वं माय? दगडंच शेतस." तिच्या लेखी तिथं दगडांशिवाय काही नव्हतं. गावातले पुरुष जायचे वर, यात्रेला, नवसाला. परत आले की ओट्यावर बसून सांगायचे आणि आम्ही आतून ऐकायचो. पुढे लग्न झालं, सुरतेला आले, पण एकदा तरी त्याच्या डोक्यावर उभं राहायचं हे मनातून गेलं नाही. मी ह्यांना सांगितलं, मी येणार.

ह्यांनी जोडीदारांशी विचारविनिमय केला. बाईमाणूस बरोबर म्हणजे वेग कमी होणार, असं पाटबंधारेवाल्या भावजींचं मत पडलं. मग बँकवाल्या भावजींना आठवलं की वाटेत खाणावळी नाहीत. तेव्हा मला परवानगी मिळाली.

आता सॅकचं. त्या काळी पाठीवरची पिशवी म्हणजे खाकी कॅनव्हासची, मिलिटरीच्या जुन्या मालातली. ह्यांनी ती हातात उचलून पाहिली आणि नाक मुरडलं. रिकामीच एवढी जड, तर भरल्यावर काय? सुरतेत नायलॉनला काय तोटा! पांडेसऱ्याच्या गिरण्यांतून रंगवून आलेल्या कापडाचे उरलेसुरले तुकडे बाजारात वजनावर मिळायचे. हे एक मोरपंखी तुकडा घेऊन आले, साड्यांचाच असावा, आणि माझ्या शिलाई मशीनवर बसले. दोन सुया मोडल्या, दोरा गुंतवला, मशीनलाच शिव्या घातल्या. खांद्याचे पट्टे नवारीचे लावा, असं मी म्हटलं. नवारीवर खाटा उभ्या राहतात, माणूस झोपतो. "तुला वजनातलं काय कळतं?" हे म्हणाले, आणि परकराच्या नाडीपेक्षा जेमतेम रुंद अशी नायलॉनची पट्टी लावली.

सॅक तयार झाली आणि घरात वजनाचा उत्सव सुरू झाला. रद्दीवाल्याकडून स्प्रिंगचा काटा आणून दाराच्या कडीला टांगला. रोज रात्री जेवणानंतर सॅक काट्याला लागायची आणि काहीतरी कमी व्हायचं. अडकित्ता वगळला, सुपारी आधीच कातरून घेतली. साबणाची वडी पातळ कापली. कंगवा मधोमध मोडून अर्धाच घेतला. तेवढ्या डोक्यावर विंचरायला होतं तरी काय, कोण जाणे. भावजी येऊन सॅक करंगळीवर उचलून पाहायचे आणि "वा, वा!" करायचे. दोघांनीही ह्यांच्याकडून तसल्याच सॅका शिवून घेतल्या.

आणि काट्यावरून जे उतरायचं ते जायचं कुठे? मी शाळेच्या स्काउटच्या कपाटातून एक जुनी खाकी सॅक मागून आणली होती. हे तिच्याकडे बोट दाखवून म्हणायचे, "तुझ्यात जागा आहे." स्टोव्ह माझ्यात आला, रॉकेलची बाटली आली, पातेली, तांदूळ, डाळ, तिघांची पांघरुणं, बॅटरी. निघायच्या दिवशी बँकवाले भावजी आले ते एक चादर आणि लोणच्याची बरणी घेऊनच. "वहिनी, तेवढं बघा हं."

चालायला लागलो आणि तिघे वाऱ्यासारखे पुढे. दिवाळीची सुट्टी होती, डांगात गवत कमरेएवढं, नाल्यांना अजून पाणी. रस्ता सुंदर होता, हे मला नंतर आठवून कळलं. तेव्हा मला फक्त खांदे कळत होते. मुक्कामाला पोचेपर्यंत हे शाळेच्या नाहीतर चौकीच्या व्हरांड्यात पाय पसरून बसलेले असायचे. मला पाहून म्हणायचे, "उशीर केलास. स्टोव्ह तुझ्याकडे ना." भेटेल त्या माणसाला सॅक उचलायला लावायचे. एका गावातल्या म्हाताऱ्याने ती उचलली, आत डोकावून पाहिलं आणि विचारलं, यात काहीच नाही का? ह्यांना ती पावती वाटली.

घाट चढून आम्ही साल्हेरच्या पायथ्याच्या गावात पोचलो तेव्हा अंधार पडला होता. शाळेच्या ओट्यावर मुक्काम टाकला. पहाटे डोळे उघडले तर तो समोरच. इतक्या जवळून मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. मी चहा केला. चहा पिता पिता हे म्हणाले, "सामानापाशी कोणीतरी थांबायला हवं. तुझी सॅक काही वर नेण्यासारखी नाही. तू थांब."

"तेवढीच वहिनींना विश्रांती," बँकवाले भावजी म्हणाले.

"आणि खिचडी टाकून ठेव. उतरल्यावर भूक लागेल," हे म्हणाले.

बोलायला लागले असते तर रडले असते, आणि ह्या तिघांसमोर मला रडायचं नव्हतं. तिघे तोंडं धुवायला विहिरीवर गेले. मी ह्यांची मोरपंखी सॅक उचलली, ओट्यावर उलटी केली. सुपारीची पुडी, अर्धा कंगवा, पायजमा, सगळं तिथंच टाकलं. पाण्याची ॲल्युमिनियमची बाटली आणि दोन भाकऱ्या आत घातल्या. कासोटा घट्ट केला. शेजारच्या घरातली बाई दारात शेणानं सारवत होती. तिला म्हटलं, "आमच्या माणसांना सांगा, मी वर गेले." तिने वर मान करून विचारलं, "एकली?" मी म्हटलं, एकली. मागून ह्यांची हाक आली तेव्हा मी पहिल्या चढावर होते. वळून पाहिलं नाही.

पायऱ्या चढून दरवाजे ओलांडले की कड्याला लागून एक आडवी वाट जाते. एका बाजूला भिंतीसारखा दगड, दुसऱ्या बाजूला खाली काही नाही. त्या वाटेवर ह्यांची पट्टी शिवणीतून सुटली. सॅक खांद्यावरून घसरली, मी धरायला गेले, आणि स्वतःचाच तोल जातो म्हणून सोडून दिली. बाटलीचा आवाज बराच वेळ येत राहिला. मी दगडाला पाठ लावून बसले. पाणी गेलं, भाकरी गेली, आणि मला हसू यायला लागलं, मोठ्यानं. महिनाभर काट्याला टांगलेलं ते ध्यान गेलं, बरं झालं. पाठीवर आता काहीच नव्हतं. मग उठले आणि पुढे चालायला लागले.

वर पोचले. टाक्यातलं पाणी ओंजळीने प्यायले. अगदी माथ्यावर देवळापाशी गेले तेव्हा वारा असा होता की पदर हातात धरून उभं राहावं लागलं. चारी बाजूंना डोंगरच डोंगर, आणि माझ्यापेक्षा उंच त्यात एकही नाही. मी तिथं खूप वेळ बसले. इतका आनंद मला लग्नातही झाला नव्हता, हे आता म्हातारपणी लिहायला हरकत नाही.

उन्हं उतरताना खाली आले तर तिघे ओट्यावर तसेच. सारवणाऱ्या बाईने पदराआड हसत सांगितलं, हे तिघे सकाळपासून भांडत आहेत, सामानापाशी कोणी थांबायचं म्हणून. कोणीच थांबायला तयार नव्हता, म्हणून कोणीच गेला नव्हता. खिचडीही कोणी टाकली नव्हती.

हे उठून माझ्याकडे आले, मागे पाहिलं, माझी पाठ पाहिली. "सॅक कुठंय?"

"पडली. त्या आडव्या वाटेवरून, खाली दरीत."

ह्यांनी डोक्याला हात लावला. मग म्हणाले, "जाऊ दे. सॅक पडल्यावर परत फिरलीस ते बरं केलंस. वर काही झालं असतं तर?"

ह्यांनी विचारावं, एवढंच मला हवं होतं. पोचलीस का, दोन शब्द. विचारलं असतं तर सगळं सांगितलं असतं, वाऱ्यासकट.

पुढे ह्यांनी तसलीच दुसरी सॅक शिवली आणि मंडळात त्यावर व्याख्यान दिलं. वेळेअभावी किल्ला राहिला, असं सांगितलं. पहिली सॅक आमच्या हिच्या हातून गेली, ही वाटेतूनच घाबरून परत आली, असंही सांगितलं. लोक हसले. मी पहिल्या रांगेत बसले होते, आणि तेव्हाही त्या दोन शब्दांची वाट पाहत होते. पुढेही बरीच वर्षं पाहिली, सुरत सोडल्यावरसुद्धा. हे गेले तेव्हाही त्यांची समजूत तीच होती.